‘नाही’ सांगायचं ते सकाळीच

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत मे आणि जून हे दोन महिने भांडणाचे. पेरणी तोंडावर आलेली असते, कृषी केंद्रांत सोयाबीनच्या बॅगांची थप्पी लागलेली असते, उधारी बंद झालेली असते आणि पीककर्जाच्या फायली आमच्या टेबलावर साचलेल्या असतात. एकाचा सातबारा आहे तर आठ-अ नाही. दुसऱ्याचा फेरफार मंजूर व्हायचाय. तिसऱ्याच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या वेळचा सोसायटीचा बोजा तसाच आहे. चौथ्याचं सिबिल बिघडलंय. कागद कोणते लागतात याची परिपत्रकं ढीगभर येतात; पण या चौघांना आज तोंडावर काय आणि कसं सांगायचं, ते कुठल्याच परिपत्रकात नसतं.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली आणि शेवटची वर्षं याच जिल्ह्यात काढली. आधी मालेगाव तालुक्यात (नाशिकचं नव्हे, आमचं वाशिमचं मालेगाव), मग मानोऱ्याकडे. माहेर अमरावती जिल्ह्यातलं, त्यामुळे वऱ्हाडी बोली घरचीच. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ला झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम असे चार जिल्हे आले. म्हणजे योजनांची इथे वाण नाही. कर्जमाफी, पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, निराधारांचा पगार, बहिणींचे पैसे. सगळ्यांचं शेवटचं टोक बँकेच्या खिडकीवर येतं. निर्णय दिल्ली-मुंबईत होतो, बातमी टीव्हीवर येते, आणि ‘तुमचं नाव यादीत नाही’ हे सांगणारं तोंड मात्र शाखेतल्या माणसाचं असतं.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. लोक नकाराने फारसे बिथरत नाहीत, टोलवाटोलवीने बिथरतात. ‘उद्या या’, ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘वरून अजून आलं नाही’ ही आमच्याकडची ठरलेली उत्तरं. ती दरवेळी खोटी असतात असं नाही. पण खरी असोत की खोटी, समोरच्याचा दिवस सारखाच जातो. आडगावच्या माणसाला बँकेत यायचं म्हणजे सकाळची एसटी धरायची, मजुरी पाडायची, घरी म्हातारं असेल तर त्याची सोय लावायची, आणि दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचं. त्याला आपण सहज म्हणतो, उद्या या.

कर्मचारी असं का म्हणतात, याचाही मी पुष्कळ विचार केला. आळस हे त्याचं कारण क्वचितच असतं. ‘नाही’ म्हणायचं तर कारण द्यावं लागतं आणि कारण द्यायचं तर फाईल वाचावी लागते. शिवाय समोरच्याचा चेहरा पडताना बघावा लागतो. ‘उद्या या’ला यातलं काहीच लागत नाही. माणूस निमूटपणे उठून जातो, आपली सकाळ शांत जाते आणि भांडण उद्यावर पडतं. तिसऱ्या खेपेला तोच माणूस टेबलावर हात आपटतो, तेव्हा आपल्याला तो उद्धट वाटतो.

महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या याद्या २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लागल्या. तेव्हाची एक गोष्ट सांगते. यादी बँकेत आणि गावात चिकटवायची, प्रत्येक कर्जखात्याला एक विशिष्ट क्रमांक, शेतकऱ्याने आधार घेऊन केंद्रावर जायचं, रक्कम मान्य आहे म्हणून अंगठा द्यायचा, की पैसे थेट कर्जखात्यात. ज्यांचं नाव होतं त्यांच्यासाठी कारभार सुटसुटीत होता. पण अट अशी होती, की ३० सप्टेंबर २०१९ या तारखेला मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांपर्यंत हवी. दोन लाखांच्या वर गेलेला माणूस पूर्ण बाहेर. वरची रक्कम वगळून बाकीची माफी, असं काही नव्हतं.

एक शेतकरी आला. सख्ख्या भावाचं नाव यादीत होतं, याचं नव्हतं. दोघांनी एकाच वर्षी कर्ज काढलेलं, शेत बांधाला बांध लावून. याची थकबाकी दोन लाख चार हजारांच्या आसपास निघत होती. व्याजाने त्याला रेषेपलीकडे नेलं होतं. तो आधी दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा त्याला ‘पुढच्या यादीत बघा’ असं सांगितलं गेलं होतं. पासबुकात त्याने पेपरचं कात्रण जपून ठेवलं होतं.

मी त्याला समोरच्या खुर्चीऐवजी बाजूच्या खुर्चीवर बसवलं, कोरा कागद घेतला आणि मुद्दल, व्याज, बेरीज अशी मांडणी त्याच्यासमोर केली. बेरजेखाली रेघ ओढली आणि म्हटलं, “भाऊ, तुमचं नाव या यादीत नाही आणि पुढच्या यादीतही येणार नाही. कारण हे.”

तो आकड्याकडे बघत राहिला. “म्हंजे हे वरचे चार हजार म्या आज भरले तं बसतो का?”

“नाही. बाकी ३० सप्टेंबरची धरली आहे. ती तारीख गेली.”

“पन पेपरात आलं ना, दोन लाखाच्या वरच्यायलेबी देनार म्हून.”

बातमी खोटी नव्हती. ६ मार्चच्या अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली होती. वरची रक्कम शेतकऱ्याने भरायची, दोन लाख सरकार देणार. पण घोषणा म्हणजे आदेश नव्हे. मी म्हटलं, “घोषणा झाली आहे, जीआर आलेला नाही. तो येईल का, कधी येईल, हे माझ्या हातात नाही. जीआर माझ्या टेबलावर येईपर्यंत त्या नावाखाली तुमच्याकडून एक रुपया भरून घेणार नाही. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “इतलं सिद्दं कोनी सांगतलंच नाई बा. तीन खेपा झाल्या माह्या.” आणि तो हिशेबाचा कागद त्याने मागून घेतला. घरी भावाला आणि बायकोला दाखवायला.

कागद मागितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण समजतो, बोलणं आपल्या टेबलाशी संपलं. खरं तर त्याचं अवघड बोलणं अजून व्हायचंच असतं. भावाचं माफ झालं आणि आपलं नाही, हे त्याला घरी सांगायचं असतं. तिथे ‘बँकवाले ऐकत नाहीत’ म्हटलं, तर तो घरच्यांच्या नजरेत नालायक ठरतो. ‘चार हजारांनी गेलं, हा बघ हिशेब’ म्हटलं, तर त्याची मान ताठ राहते. त्यानंतर शाखेत मी रीत घातली. कर्ज नाकारलं, दावा परत गेला, नवं-जुनं अडलं, तर चिठोऱ्यावर का होईना, तीन ओळी मराठीत लिहून द्यायच्या: काय अडलं, कोणता कागद लागेल, कोणाकडे जायचं. लेखी दिलं तर अंगाशी येईल, अशी भीती सहकाऱ्यांना वाटायची. पण खरं लिहिलेलं अंगाशी येत नाही. उलट तोच माणूस पुढल्या वेळी चिठ्ठी आणि पूर्ण कागद घेऊन यायचा आणि काम लवकर उरकायचं.

दुसरी गोष्ट आवाजाची. खेड्यातल्या शाखेत काउंटरवर काहीच खासगी नसतं. रांगेत मागे गावचा सरपंच असतो, शेजारी असतो, एखाद्या वेळी होऊ घातलेला व्याहीसुद्धा असतो. ‘तुमचं खातं थकीत आहे, एनपीए झालंय’ हे वाक्य काचेआडून मोठ्याने गेलं की संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं आणि पोरीच्या सोयरिकीत आडवं येतं. त्या माणसाला आता थकबाकी भरायची नसते, अब्रू वाचवायची असते; म्हणून तो आवाज चढवतो. मग आपणही चढवतो. थकबाकीचा शब्द काउंटरवर काढायचा नाही, माणसाला आत बोलवायचं, एवढा एक नियम पाळला तरी शाखेतली निम्मी भांडणं मिटतात.

सगळ्यात जड गेलं ते एका दिवाळीनंतरचं बोलणं. तरुण विधवा, तिचा सासरा आणि दीर असे तिघे आले. नवरा छातीत कळ येऊन शेतातच गेला होता. त्याच्या खात्याला प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा जोडलेला होता. मे २०१५मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा शिबिरं घेऊन अर्ज भरून घेतले होते. वर्षाला ३३० रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. हप्ता दर मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो आणि विमा १ जून ते ३१ मे असा चालतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच्या खात्यात एकशे बारा रुपये होते. हप्ता कापलाच गेला नाही. विमा बंद.

सासऱ्याने पासबुक उघडून मागच्या वर्षाच्या नोंदीवर बोट ठेवलं. “हे कापले नाई का मंग? तीनशे तीस. हे काय हाय?”

मी आधी खातं स्वतः दोनदा तपासलं होतं, विम्याचं काम बघणाऱ्या कक्षाला फोन करून खात्री केली होती. वाईट बातमी द्यायची तर ती शंभर टक्के खरी आहे हे आधी बघावं. सांगून मग बदलली तर माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. दार लोटून घेतलं, तिघांना बसवलं, पाणी आलं. पहिलंच वाक्य बोलले, “हे दोन लाख मिळणार नाहीत.” मग कारण. अशा वेळी आपण उलटं करतो. आधी योजनेची माहिती, मग नियम, मग अटी, आणि शेवटी पडत्या आवाजात नकार. ऐकणारा मात्र पहिल्यापासून शेवटाचीच वाट बघत असतो. मधलं काहीच त्याच्या कानात शिरत नाही.

सून तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिने एवढंच विचारलं, “पयलेच काहून नाई सांगतलं आमाले?”

हप्ता कापता आला नाही, असा मेसेज संगणकाने पाठवलेला होता. तो गेला होता खात्याला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर होता पुण्याला कामाला गेलेल्या चुलतभावाचा. तिच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे, हे मला कळत होतं. मी ते सांगितलं, पण वकिली केली नाही. नंतर जे होऊ शकत होतं ते मांडलं. खात्यातली शिल्लक वारसाला देण्याचा अर्ज तिथेच भरून घेतला. घर दारिद्र्यरेषेखाली होतं, म्हणून तहसीलमध्ये राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून वीस हजार रुपये एकरकमी आणि संजय गांधी निराधार योजनेतून दरमहाची मदत यासाठी अर्ज करता येत होता. कोणते दाखले लागतील ते लिहून दिलं. दोन लाखांपुढे ते कमीच होतं, आणि कमी आहे हेही मी बोलले. ‘देवाची मर्जी’ वगैरे म्हणण्याचा अधिकार बँकेच्या माणसाला नाही.

त्या बाईच्या प्रश्नामुळे एक काम सुरू झालं. दर मे महिन्यात विम्याची खाती काढायची, शिल्लक कमी असलेल्यांची यादी बँक मित्रांकडे द्यायची आणि त्यांनी घरी निरोप द्यायचा. यादी फलकावर लावायची नाही, कारण कोणाच्या खात्यात किती आहे हा गावाचा विषय नव्हे. फलकावर एवढंच: ३१ मेच्या आत खात्यात हप्त्याचे पैसे ठेवा. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही सांगायला लावलं. २०२२मध्ये हप्ता ३३०चा ४३६ झाला, तेव्हा हे जास्तच कामाला आलं. ३३० ठेवून निश्चिंत बसलेली कितीतरी खाती होती. अवघड बोलणं टाळायचा एकच प्रामाणिक मार्ग असतो. ते ज्यातून उद्भवतं, तिथे आधी जाऊन सोपं बोलून यायचं.

मानोऱ्याकडे गेल्यावर भाषेचा वेगळा धडा मिळाला. पोहरादेवीचा हा तालुका, तांड्यांची वस्ती दाट. २०२४च्या ऑगस्टमध्ये राखीच्या तोंडावर लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे जमा झाले, तेव्हा शाखेला जत्रेचं रूप आलं होतं. निंदणाचे दिवस, मजुरी सोडून बाया आलेल्या. अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आहे, पण आमच्या बँकेच्या पासबुकात रुपया नाही. बऱ्याच जणींचं कारण एकच होतं. सरकारी पैसा आधार क्रमांकावर येतो आणि आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं असेल तिथे जातो. कधीतरी रिचार्जच्या दुकानदाराने अंगठा घेऊन मोबाइलवर दुसरंच खातं उघडून दिलेलं. पैसे तिथे जाऊन बसलेले.

‘आधार सीडिंग’, ‘मॅपिंग’ असले शब्द फेकून आमचा काउंटर त्यांना वाटेला लावत होता. म्हाताऱ्या बाया मान हलवत होत्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहत होत्या. आमच्या एका ग्राहक सेवा केंद्रावर तांड्यातलीच मुलगी काम करायची. तिला दारात टेबल टाकून बसवलं. ती ‘याडी’ म्हणून हाक मारायची, गोरबोलीत सांगायची, “तुझे पैसे आलेत, पण दुसऱ्या बँकेत आलेत. त्या दुकानात जा आणि अंगठा दे. पुढचे इथे हवे असतील तर हा अर्ज भर.” पैसे आलेत, हे वाक्य आधी. ते कानावर पडलं की बाईचा जीव भांड्यात पडायचा आणि पुढचं तिला ऐकू यायचं. आम्ही बाहेरून आलेले अधिकारी नियम बरोबर सांगत होतो. तिने क्रम बरोबर लावला.

रागावलेल्या माणसांचं काय, असं नवे अधिकारी विचारतात. आता तर हातात मोबाइल असतो. “थांबा, व्हिडिओच काढतो” हे वाक्य दर आठवड्याचं. पुढाऱ्याचा फोन येतो, एखादी संघटना निवेदन घेऊन वीस जणांसह आत येते. अशा वेळी मी दोन गोष्टी पाळल्या. व्हिडिओ चालू असताना आणि नसताना एकच बोलायचं, म्हणजे व्हिडिओची भीती उरत नाही. आणि पुढाऱ्याला फोनवर जे सांगितलं, ते त्या शेतकऱ्याला समोर बसवून पुन्हा सांगायचं, त्याच शब्दांत. पुढाऱ्याच्या फोनने काम झालं असं एकदा दिसलं, की पुढच्या प्रत्येक कामाला फोन येतो आणि ज्याच्यामागे पुढारी नाही तो कायमचा रांगेच्या शेवटी जातो.

शाखेतलं आपसातलं बोलणं हाही एक स्वतंत्र विषय आहे. आमच्याकडे अधिकारी बहुतेक बाहेरून येतात. बिहारचा एक तरुण अधिकारी नवा नवा आला, तेव्हा तो प्रत्येक अडचणीवर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायचा. मी त्याला चारचौघांत टोकलं नाही. ग्राहकासमोर अपमान झालेला अधिकारी पुढचा राग ग्राहकावरच काढतो. संध्याकाळी दार लागल्यावर बसले आणि त्याला दहा-बारा वऱ्हाडी वाक्यं लिहून दिली. ‘मी पाहून राह्यलो’, ‘थोडं बसा’, ‘हा कागद नाई चालत, हा आना’. शाखेतले दफ्तरीकाका त्याचे गुरुजी झाले. सहा महिन्यांत शेतकरी त्याच्याच टेबलाशी बसू लागले. त्याची वऱ्हाडी मोडकी होती. पण तो कारण सांगायचा.

वरच्यांशी बोलणं त्याहून कठीण. एका वर्षी अतिवृष्टीचं अनुदान खात्यांवर येऊ लागलं आणि त्याच वेळी वसुलीच्या बैठकीत तोंडी सूचना झाली की थकीतांच्या खात्यांना होल्ड लावा. अनुदानातून कर्जवसुली करू नये, असं सरकार दरवेळी बजावतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथे वाद घातला नाही. शाखेत येऊन मेल लिहिला: अशी सूचना मिळाली आहे, शासनाचा आदेश असा आहे, तरी कृपया लेखी मार्गदर्शन व्हावं. लेखी काही आलं नाही. मी होल्ड लावला नाही. वरच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्याला आवाज लागत नाही. तारीख, संदर्भ आणि सही लागते.

आता मी निवृत्त आहे. तरीही बँकेत, तहसीलमध्ये, कृषी कार्यालयात नव्याने लागलेली मुलं-मुली भेटतात आणि लोकांशी कसं बोलावं म्हणून विचारतात. त्यांना गोड बोला असं मी सांगत नाही. गोड बोलून फिरवणारे लोकांनी पुष्कळ बघितलेत. माझं सांगणं एवढंच, की फाईल आदल्या दिवशी वाचा. काम होणार नसेल तर माणूस दारात आल्या आल्या सांगा, कारणासकट, हळू आवाजात आणि कागदावर. त्याला दुपारची एसटी मिळाली पाहिजे.